मोजमापाची वही

जून महिना लागला की आमच्या दारावरची घंटा जरा जास्तच वाजू लागते. बारावीचे निकाल लागलेले असतात, आणि मी कॉलेजात शिकवते म्हणजे जगातल्या सर्व कॉलेजांत काय चालते ते मला ठाऊक असलेच पाहिजे, अशी आमच्या सोसायटीतल्या आईबापांची समजूत आहे. मी शिकवते मराठी. परंतु महानुभावांचे गद्य शिकविणाऱ्या बाईला कॉम्प्युटरच्या कोणत्या शाखेला सध्या किती मागणी आहे, हे विचारताना कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही. मी चहा टाकते आणि ऐकून घेते. बहुतेकांना सल्ला नकोच असतो. त्यांनी आधीच ठरविलेल्या गोष्टीवर कोणा शिकल्यासवरल्या माणसाने मान डोलवावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

यंदा आलेल्या एका गृहस्थांचा चेहरा मात्र खरोखरच उतरलेला होता. "मुलाला सिव्हिल मिळतंय," ते म्हणाले. मुलाला कावीळ झाली आहे, हे ज्या सुरात सांगतात त्या सुरात. "आणि त्याच्या डोक्यात काय भरलंय, तर म्हणे रस्ते बांधायचेत! म्हणजे जन्मभर उन्हात उभं राहायचं का हो?"

हा प्रश्न मला नवा नाही. बारा वर्षांपूर्वी तो आमच्याच घरात, भर जेवणाच्या पानावर विचारला गेला होता. विचारणारी माझी थोरली बहीण, आणि ज्या मुलीविषयी तो विचारला गेला ती तिची धाकटी, माझी भाची. ताईचे म्हणणे, मुलगी हुशार आहे, कॉम्प्युटरला सहज जाईल. भाऊजी जन्मभर बँकेत, त्यांनी एकच विचारले, "पेन्शन असतं का?" भाचीने भातावर वरण घेत सांगितले की फॉर्म भरून झाला आहे. विषय तिथे संपला. म्हणजे तिच्या बाजूने संपला. ताईच्या बाजूने तो अजून चालू आहे.

त्या गृहस्थांना चहाच्या एका कपात मावेल तेवढे मी सांगितले. एरवी ह्या सदराला दीड पान मिळते. दिवाळीनिमित्त संपादकांनी हात सैल सोडला आहे, तेव्हा राहिलेले आज सांगते.

आपल्याकडे धरण बांधणारा मोठा, पूल बांधणाराही मोठा. रस्ता बांधणाऱ्याचे नाव मात्र कोणाच्या तोंडी नसते. ह्याचे कारण उघड आहे. चांगला रस्ता दिसतच नाही. गाडीत बसल्या बसल्या झोप लागते. दिसतो तो खड्डा, आणि त्याच्याबरोबर जे शब्द तोंडात येतात ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नसतात. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली निघाले तेच मुळी सरकारी बांधकामांसाठी हाताखालची माणसे तयार करावयास. 'हाताखालची' हा शब्द आपल्या पांढरपेशा मनाने फारच मनावर घेतलेला दिसतो. पुढे विश्वेश्वरय्या त्याच महाविद्यालयातून बाहेर पडले आणि १८८४ साली नाशिकला सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, तरी तो डाग काही पुसला गेला नाही.

माझेही अज्ञान काही कमी नव्हते. एम. ए. करताना दोन वर्षे मी पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात घालविली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, एवढे ठाऊक होते. हेच जयकर १९२७ साली नेमलेल्या रस्ते समितीचे अध्यक्ष होते, हे मला भाचीने सांगितले, तेही ती दुसऱ्या वर्षाला असताना! मोटारी वाढत चालल्या होत्या आणि रस्ते बैलगाडीच्या काळातले होते. तेव्हा रस्ता ही नुसत्या स्थानिक बोर्डांनी पाहावयाची बाब नव्हे, सबंध देशाने पाहावयाची बाब आहे, असे ह्या समितीने म्हटले. पेट्रोलवर जादा कर बसवून निधी उभारावा आणि रस्त्याच्या जाणकारांनी एकत्र बसून विचार करण्यासाठी एक संस्था काढावी, ह्या तिच्याच शिफारशी. निधी १९२९ साली आला, आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. पुढे १९४३ साली देशातले मुख्य अभियंते नागपूरला जमले, आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग ही आज आपल्या ओठांवर असलेली उतरंड त्यांनी तेथे मांडली. आज भाचीच्या टेबलावर ज्या संहिता पडलेल्या असतात, त्या ह्या रोड्स काँग्रेसनेच छापलेल्या. कायदेपंडिताने सुरुवात करून दिलेला हा धंदा आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

भाचीला पहिली नोकरी मिळाली ती मराठवाड्यात, एका महामार्गाच्या चौपदरीकरणावर, ठेकेदार कंपनीच्या प्रयोगशाळेत. पगार तिच्या कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीच्या निम्मा, राहणे-खाणे कंपनीचे. राहणे म्हणजे पत्र्याची खोली, आणि खाणे म्हणजे दोन्ही वेळा बटाटा. प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली एक पदविकाधारक मुलगा होता. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून ही मुले आधीच कामाला लागलेली असतात. कागदावर हाताखाली, पण पहिली दोन वर्षे तिला शिकविले ते त्यानेच. ज्यांची मुले पदविकेला गेली म्हणून खंतावली आहेत, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

तिथे ती काय शिकली? मला समजले ते सांगते, आणि मला समजले ते स्वयंपाकघरातूनच. रस्ता म्हणजे वरचा काळा थर नव्हे. तो केवळ साय. खाली खडी, त्याखाली मुरूम, आणि सर्वांत खाली माती. सगळा भार शेवटी मातीवर. म्हणून आधी मातीची परीक्षा. मातीचा नमुना साच्यात ठोकून बसवायचा, चार दिवस पाण्यात भिजत ठेवायचा, आपण मटकी ठेवतो तसा, आणि मग त्यात पोलादी दांडा दाबून तो किती जोराला किती खोल जातो ते मोजायचे. पावसाळ्यात रस्त्याखालची माती जशी होईल तशी ती आधीच करून पाहायची, हा त्यातला मतलब. आपल्या दख्खनची काळी माती तर मोठी मानभावी: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कापसाला ती सोने, रस्त्याला वैरीण.

दुसरी गोष्ट पाण्याची. माती दाबून घट्ट बसवावयाची तर तिच्यात पाणी नेमके हवे. भाकरीचे पीठ कोरडे राहिले तर थापताना चिरते, सैल झाले तर हाताला चिकटते, तसेच. कॅलिफोर्नियात प्रॉक्टर नावाच्या अभियंत्याने १९३३ च्या सुमारास हे शास्त्रशुद्ध रीतीने मांडले, आणि त्याच्या नावाची चाचणी आज आपल्या खेड्यापाड्यातली रोलरवाली मंडळीही 'पराक्टर' म्हणून ओळखतात.

आणि डांबर! आपण ज्याला डांबर म्हणतो ते डांबर नव्हेच, असे भाचीने एकदा मला सुनावले. खरे डांबर दगडी कोळशापासून निघते; रस्त्यावर हल्ली पडते ते बिट्युमेन, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना तळाला उरते ते. मी म्हटले, "बाई, लोक ज्याला डांबर म्हणतात ते डांबर. भाषा प्रयोगशाळेत ठरत नाही." ह्या मुद्द्यावर आमची तडजोड झालेली नाही.

एका गणेशोत्सवात ती चार दिवस घरी आली तेव्हा तिची साइटवरची डायरी माझ्या हाती लागली. दुसऱ्याची डायरी वाचू नये हे मी जाणते. पण ही डायरी वाचली जावी म्हणूनच लिहिलेली असते, असे तिने सांगितले. "सकाळी ६.१०. आभाळ भरलेले. टँकर २. रोलर १, दुसरा बंद, डिझेल नाही. साखळी क्रमांक १८२/३०० ते १८२/६००, मातीचा थर. ११.४० पाऊस सुरू. १२.२५ थांबला. काम बंद." साखळी क्रमांक म्हणजे रस्त्याच्या आरंभापासूनचे अंतर, पूर्वी साखळीने जमीन मोजीत, त्यावरून आलेला शब्द. पानामागून पाने अशीच. सबंध वहीत विशेषण सापडेना. मी विचारले, "पाऊस जोराचा होता की झिमझिम?" म्हणाली, "मावशी, किती वाजता आला आणि किती वाजता गेला, तेवढंच लिहायचं. किती जोराचा ते पर्जन्यमापक सांगतो."

मग तिने मला जे सांगितले त्याने मी थक्क झाले. महामार्गाचे काम दोन-तीन वर्षे चालते. उशीर होतो, पैशांवरून वाद होतात, आणि प्रकरण लवादाकडे जाते. तिथे पाच वर्षांपूर्वीच्या एका दुपारी पाऊस होता की नव्हता, जमीन ताब्यात आली होती की नव्हती, ह्यावर कोट्यवधी रुपये अडकलेले असतात. तेव्हा कोणाच्या आठवणीला कोणी विचारीत नाही. त्या दिवशी त्या वहीत काय लिहिले होते, एवढेच पाहतात. रस्ता दगडमातीने बांधतात, ही आपली समजूत. तो कागदावरही बांधतात, आणि ज्याचा कागद कच्चा त्याचा रस्ता पक्का असूनही तो हरतो. जयकर उगीच वकील नव्हते!

ह्या धंद्यातल्या वह्यांमध्ये सर्वांत मानाची ती मोजमापाची वही. बांधकाम खात्यात तिला 'एम.बी.' म्हणतात. किती काम झाले ते प्रत्यक्ष मोजून हिच्यात लिहावयाचे, आणि त्यावर बिल निघते. हिची पाने आधीच क्रमांक घातलेली असतात. एकही पान फाडावयाचे नाही. लिहावयाचे शाईने. खोडरबर चालत नाही. चुकले तर एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहावयाचा आणि बाजूला सही करावयाची, म्हणजे चूकसुद्धा सहीनिशी जपून ठेवावयाची. वरचे अधिकारी त्यांतल्या काही नोंदी स्वतः जागेवर जाऊन ताडून पाहतात. आता पुष्कळ कचेऱ्यांत ही वही संगणकावर गेली आहे, पण शिस्त तीच. माझ्या विद्यार्थ्यांनी निबंध लिहिताना ह्यातली एक दशांश शिस्त पाळली असती, तर माझा चष्म्याचा नंबर इतका वाढला नसता.

उन्हात उभे राहण्याचे म्हणाल, तर उभे राहावे लागतेच. पण ह्या पेशात माणूस वाढतो म्हणजे काय होते, ते त्या गृहस्थांना कोणी सांगितलेले नव्हते. पगार वाढतो, गाडी मिळते, हुद्द्याचे नाव लांब होते, हे सगळे खरेच. सरकारी खात्यात लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी परीक्षा देऊन शिरले की उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता अशी चढण असते. कंपनीत साइट इंजिनिअरपासून प्रोजेक्ट मॅनेजरपर्यंत. पण मला विचाराल तर खरी वाढ एकाच गोष्टीची होते, ती म्हणजे सहीच्या वजनाची. पहिल्या वर्षी तुम्ही एका खड्ड्याच्या चाचणीखाली सही करता. दहाव्या वर्षी सबंध थराखाली. विसाव्या वर्षी शंभर किलोमीटरखाली.

भाचीच्या नोकरीचे दुसरे वर्ष. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पाऊस तोंडावर, आणि तीनशे मीटरचा मातीचा थर दाबून तयार. त्यावर खडीचा थर चढविण्याआधी घट्टपणा तपासावयाचा होता. ही चाचणी मोठी साधी. थरात एक छोटा गोल खड्डा खणावयाचा, निघालेली माती तोलावयाची, खड्डा ठरावीक बारीक वाळूने भरून त्याचे आकारमान काढावयाचे, ओलावा पाहावयाचा, आणि प्रयोगशाळेतल्या उत्तम घट्टपणाच्या मानाने जागेवरचा किती ते शेकड्यात मांडावयाचे. रस्त्याच्या ह्या मातीच्या थराला ९७ टक्के लागतात. आले ९४. दुसरीकडे खणले, तिथेही ९४. टँकर आदल्या दिवशी कमी पडले होते. पाणीच पुरेसे मिळाले नव्हते.

साहेब म्हणाले, तीन टक्क्यांचा प्रश्न आहे, वरून खडी बसली की आपोआप दबेल. मग म्हणाले, कडेला घे, तिथे रोलर जास्त फिरलाय, तिथे नक्की ९८ येतील. शेवटी म्हणाले, तुला ह्या लाइनीत राहायचं आहे ना?

ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. कॅम्पवर बाई म्हणून ती आणि एक स्वयंपाकीण. तिने रजिस्टरात ९४ लिहिले, खाली सही केली आणि वही मिटली. आता हे काही फार मोठे शौर्य नव्हे, असे कोणी म्हणेल. सल्लागार कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी तपासणीला येणारच होता. पण तो जिथे दाखवावे तिथेच खणतो, हेही सर्वांना ठाऊक होते. तीनशे मीटरचा थर उकरला गेला, पाणी मारून पुन्हा दाबला गेला. दीड दिवस गेला, डिझेल गेले. आणि पुढच्या सोमवारी तिची बदली प्रयोगशाळेतून खाणीवरच्या क्रशरवर झाली. सात महिने ती धुळीत उभी होती. त्या सात महिन्यांत तिचा खोकला हटला नाही, आणि ताईचा फोन थांबला नाही.

तीन टक्क्यांनी काय होते, हे मलाही तेव्हा उमगले नव्हते. पुढे तिने मला इलिनॉयची गोष्ट सांगितली. अमेरिकेत त्या राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० ह्या काळात मुद्दाम रस्त्यांची वेटोळी बांधून त्यांवर निरनिराळ्या वजनांचे ट्रक रात्रंदिवस फिरविले; चालविणारे लष्कराचे जवान. कोणते वजन रस्त्याची किती नासाडी करते ते पाहावयाचे होते. निघाले ते असे, की आसावरचे वजन दुप्पट केले तर नासाडी दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. म्हणजे क्षमतेबाहेर उसाने लादलेली एक गाडी गेली की रस्त्याचे किती दिवस गेले, ह्याचा हिशेब तुम्हीच करा. असल्या रस्त्याखाली माती पोकळ ठेवली तर ती पहिल्या पावसात नव्हे, तिसऱ्या पावसात बोलते. तोवर साहेबांची बदली झालेली असते. रजिस्टर मात्र तिथेच असते, आणि त्यातली सहीही.

हे लिहिताना मला सत्येंद्र दुबे आठवतात. बिहारमधला मुलगा, कानपूरच्या आय.आय.टी.चा स्थापत्य अभियंता, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात सुवर्ण चतुष्कोनाच्या झारखंडातील कामावर होता. कामातला भ्रष्टाचार आणि निकृष्टपणा त्याने पाहिला, आणि २००२ साली थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले. माझे नाव गुप्त ठेवावे, असे त्याने त्यात विनविले होते. ते गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी पहाटे गयेला गोळी घालून त्याला मारण्यात आले. तपासात लूटमारीचे कारण पुढे आले, २०१० साली तिघांना जन्मठेप झाली. पुष्कळांचे समाधान त्याने झाले नाही. गैरव्यवहार उघड करणाऱ्या 'जागल्यां'ना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली संसदेने केला, त्यामागे ह्या मृत्यूने उठलेला आवाज होता. आईबापांनी मुलाला ह्या पेशात पाठविताना हेही जाणून पाठवावे. मी हे लपविणार नाही. ताईपासूनही लपविलेले नाही.

क्रशरवरून भाची पुढे सल्लागार कंपनीत गेली, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली. ठेकेदाराचा माणूस थर तयार असल्याचा कागद देतो, हिने जाऊन तपासावयाचे, आणि हिने होकार दिल्यावाचून वरचा थर पडत नाही. कुठे खणावयाचे ते आता ती स्वतः दाखविते. खाणीवरच्या सात महिन्यांनी तिला खडी नजरेने ओळखता येऊ लागली आहे. चपटे आणि लांबट दगड जास्त असले की खडी एकमेकींत नीट अडकत नाही आणि चाकाखाली फुटते. ती मूठभर खडी हातावर घेते आणि आकडा सांगते. मागाहून चाळणी तोच आकडा थोडाफार सांगते. साहेबांनी शिक्षा म्हणून पाठविले होते, ही गोष्ट ती आता हसत सांगते. मला मात्र अजून त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

मुलीने ह्या कामात पडावे का, हा प्रश्न शेजारणी अजून विचारतात. केरळात पी. के. थ्रेसिया ह्या बाई १९७१ साली सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या, तेव्हा विचारणाऱ्यांना पन्नास वर्षे उशीर झाला आहे. अडचण बुद्धीची नाही, ताकदीचीही नाही. अडचण फार साधी असते: चाळीस किलोमीटरच्या कामावर बाईमाणसासाठी संडास नसतो. भाचीने पहिल्या वर्षी पाणी कमी प्यायचे ठरविले आणि मूत्रमार्गाचा विकार ओढवून घेतला. आताच्या कामावर रुजू होण्यापूर्वी तिने कंपनीला पत्र लिहून आधी ती सोय मागितली. तोंडी नव्हे, लेखी. सोय झाली.

आणि लग्न. ताईने दोन स्थळे आणली. दुसऱ्या स्थळाच्या सासूबाईंनी विचारले, "बदली होते का गं तुझी?" हिने सांगितले, "रस्ता संपला की होते." ते स्थळ तिथेच संपले. भाऊजी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसले, आणि ताईने दोन दिवस त्यांच्याशी बोलणे टाकले.

ताईच्या काळजीला मी हसत नाही. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर तुळया चढविण्याचे अवजड यंत्र कोसळून वीस जण दगावले. बातमी सकाळी आली. भाची तेव्हा तिथून शेकडो किलोमीटर दूर, वेगळ्याच कामावर होती, आणि ताईला ते ठाऊकही होते. तरीही फोन लागेपर्यंत तिने गॅसही पेटविला नाही. तो ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. त्यावरून जाताना ताई त्या जागी हात जोडते.

गेल्या उन्हाळ्यात भाचीपुढे दोन वाटा आल्या. एक पुण्यातच, रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या कचेरीत: थंड खोली, पाच दिवसांचा आठवडा, पगार चांगला, घरचे जेवण. दुसरी विदर्भातल्या एका महामार्गावर, साहित्य-परीक्षणाची जबाबदारी. ताईने देवाला बोलून ठेवले. ती मला विचारायला आली, तेव्हा मला वाटले की आता ध्येयवादाचे बोलेल आणि मला रडू येईल. तसे काही नव्हते. तिने निविदेचे पान पुढे केले. मोठ्या कामांच्या निविदांत सल्लागाराच्या मुख्य माणसांची पात्रता ठरवून दिलेली असते: अमुक हुद्द्याला महामार्गाच्या कामाचा अमुक वर्षांचा अनुभव. "मावशी, आराखड्याचं काम मी पस्तिशीतही शिकेन. साइटची वर्षं आता राहिली तर राहिली. पुढे मला जिथे सही करायची आहे तिथे ही वर्षं मोजतात." २०१४ साली देशात राष्ट्रीय महामार्ग ९१ हजार किलोमीटर होते, दहा वर्षांत ते १ लाख ४६ हजारांवर गेले. तेव्हा काम संपेल ही भीती नाही. नवे बांधणे कमी झाले तरी बांधलेले राखावयाचे आहेच. भीती असलीच तर हाताशी वर्षे नसताना मोठी सही करावी लागण्याची.

मी विचारले, "आईला काय सांगू?"

"खरं सांग. पण विशेषणं लावू नकोस."

ती विदर्भात रुजू झाली. पावसाळा सरला की रस्त्याच्या कामाचा हंगाम सुरू होतो, म्हणजे नेमका आपल्या दिवाळीला. त्यातून यंत्रांवरची पुष्कळ माणसे बिहार-झारखंडची. ती छठपूजेला गावी जातात, म्हणून त्याआधी जेवढे उरकेल तेवढे उरकण्याची घाई. भाची पाडव्याला येणार नाही; भाऊबीजेला दुपारी पोहोचेल आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघेल. ताईने परवापासून भाजणी दळून ठेवली आहे. प्रयोगशाळेत एकूण अकरा माणसे आहेत असे फोनवर कळल्यामुळे चकल्या अकराजणांच्या हिशेबाने करावयाच्या आहेत. माणशी किती धरायच्या, ह्यावर सध्या ताईचे आणि भाऊजींचे चालले आहे.